देवतळ्यांचा रामीरो

आमच्या शेजारचे देवतळे टीव्हीवर गोल्फ बघायचे ते उभे राहून. समोर चांगला सोफा होता, मागच्या भाडेकरूनं सोडून दिलेला. पण देवतळे बसले की रामीरोचा बॉल वाळूत जातो, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यामुळे गुरुवारी आणि शुक्रवारी हा चाळिशीतला, पोट सुटलेला, डेटाबेस सांभाळणारा माणूस ऑफिसातून लवकर सटकायचा आणि बूटही न काढता टीव्हीसमोर दोन-दोन तास खांबासारखा उभा राहायचा. अमेरिकेत फ्रीमाँटच्या आमच्या जोडून बांधलेल्या टाउनहाउसांची मधली भिंत पुठ्ठ्याची असावी. त्यांचा प्रत्येक सुस्कारा मला इकडे पोळ्या लाटताना ऐकू यायचा.

रामीरो म्हणजे उरुग्वेचा एक व्यावसायिक गोल्फर. उरुग्वे नकाशात नेमका कुठे, हे देवतळ्यांना धड सांगता आलं नसतं. त्यांनी स्वतः जन्मात गोल्फची काठी हातात धरली नव्हती. देवतळे मूळचे नागपूरचे. तिथे असताना क्रिकेटदेखील गच्चीवरून बघितलेलं. पण या रामीरोबद्दल ते 'आपला' असंच बोलायचे. "आपला आज बरा खेळून राहिला, वहिनी." मी पुण्याची. आपला म्हणजे कोण, हे आम्ही फार विचार करून ठरवतो.

"तुमचा हा आपला कुठे भेटला तुम्हांला, भाऊजी?" मी एकदा विचारलं.

"पहिल्यांदा आलो तेव्हा कंपनीच्या गेस्टहाउसमधे होतो नं. कोणी ओळखीचं नाही. टीव्ही लावला तर गोल्फ. बाकीच्या खेळाडूंच्या बायका-बियका आल्या होत्या पाहायला. हा एकटाच बाकड्यावर बसून केळं खाऊन राहिला होता. म्हटलं, हा आपला."

केळ्यावरून. नात्यागोत्यावरून नाही, खेळावरून नाही, केळ्यावरून. आणि तेव्हापासून वर्षानुवर्षं हा माणूस त्या परक्याच्या मागे मनानं अमेरिकाभर फिरत होता. आपलं नाही धड अन् शेजाऱ्याचा कढ, दुसरं काय.

बरं, रामीरो काही जिंकत असता तर एकवेळ समजलं असतं. तो कधीच जिंकायचा नाही. या खेळात गुरुवारी-शुक्रवारी सगळे खेळतात आणि शुक्रवारी संध्याकाळी 'कट' होतो. म्हणजे निम्म्यांना घरी पाठवतात, निम्मे शनिवार-रविवार खेळतात. रामीरोची सगळी हयात त्या कटच्या रेषेवर गेलेली. कधी एका फटक्यानं आत, बहुतेक वेळा बाहेर. आत राहिला की देवतळे आमच्याकडे पेढे घेऊन यायचे. सत्तराव्या नंबराचे पेढे खाणारं आमचं अख्ख्या कॅलिफोर्नियातलं एकमेव घर असेल.

"जिंकणं काय, कोणालाही जमते," ते पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणायचे. "कटमधे टिकून राहणं, त्याला लागते हिंमत."

जिंकणं कोणालाही जमते. हे वाक्य मी माझ्या नवऱ्याला, संजयला, दोन-तीनदा ऐकवलं. संजय म्हणाला, "जाऊ दे ना यार, त्यांना काहीतरी विरंगुळा नको का." संजयचं हे नेहमीचंच. त्याला कोणाचाही राग येत नाही, म्हणून दोघांच्या वाटचा मलाच करावा लागतो.

टीव्हीवाले अर्थातच रामीरोला दाखवायचे नाहीत. ते पहिल्या पाचांना दाखवणार. मग देवतळे सगळं रेकॉर्ड करून ठेवायचे आणि कोणी घरी आलं की कॅसेट लावायचे. भलताच कोणीतरी उंच, गोरा माणूस नेम धरून उभा असायचा. देवतळे चित्र थांबवायचे आणि पडद्यावर बोट टेकवायचे. "ती मागे निळी टोपी दिसून राहिली का? झाडापाशी? तो आपला." पाहुणे चहाच्या कपात बघत बसायचे.

एका वर्षी तर त्यांनी खरोखरच देव पाण्यात ठेवले. स्टीलच्या पातेल्यात गणपती, गुरुवारी सकाळी. त्या दिवशी रामीरोचे दोन बॉल तळ्यात गेले. मी म्हटलं, भाऊजी, देव बाहेर काढा, तुम्हांला काय हवंय ते त्याला नीट कळलेलं दिसत नाही. देवतळे हसले नाहीत. गुपचूप गणपती पुसून जागेवर ठेवला. थट्टा कळण्यासाठी जी थोडी फुरसत लागते ती त्यांना रामीरोनं ठेवलीच नव्हती.

आता घरचं सांगते. देवतळ्यांची बायको नागपुरात मुलींच्या शाळेत शिक्षिका, नोकरी पर्मनंट. "मी तिकडे येऊन घरात बसून काय करू?" असं म्हणून ती तिकडेच राहिली. बाई शहाणी निघाली. मी बँकेतली नोकरी सोडून नवऱ्याच्या व्हिसावर इकडे येऊन पोळ्या लाटते आहे आणि रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत पोरांना बाराखडी शिकवते आहे. मी काय बोलणार. त्यांची एकुलती एक मुलगी, रेवा. देवतळे दोन वर्षांसाठी म्हणून आले होते. मग ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला. रेवा दुसरीत असताना एकदा जाऊन आले, ते शेवटचं. नंतर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट: अमका व्हिसाच्या शिक्क्यासाठी इंडियात गेला आणि तिकडेच अडकला, इकडे नोकरी गेली. तेव्हापासून देवतळ्यांनी ठरवलं, कार्ड हातात पडेपर्यंत हलायचं नाही. मायलेकींना सुट्टीत आणू म्हणायचे, तर दर उन्हाळ्यात काहीतरी निघायचं. कधी तिकडे सासूबाईंचा गुडघा, कधी इकडे लेऑफची हवा.

"यंदा कार्ड येते बघा, वहिनी." हे दर वर्षी. "यंदा आपला पहिल्या दहात येते बघा." हेही दर वर्षी. कार्ड येत नव्हतं आणि रामीरोही. मी एकदा तोंडावर विचारलं, "भाऊजी, आणि तोवर रेवा काय थांबून राहणार आहे का?" तर म्हणाले, "आता एवढं टिकलो, आता सोडून कसं चालेल?"

रविवारी सकाळी ते फोन कार्डावरून नागपूरला बोलायचे. तेही भिंतीतून ऐकू यायचं. "अभ्यास करतेस का? ... आजी कशी आहे? ... बरं, आईला दे." पोरीशी दोन मिनिटं. रामीरोचं पुटिंग, म्हणजे बॉल हलकेच भोकात ढकलणं, मात्र मला अर्धा अर्धा तास समजावून सांगायचे.

तर असा हा माणूस एका शुक्रवारी भल्या सकाळी आमच्या दारात उभा. अंगात निळा शर्ट, डोक्यावर निळी टोपी. आमच्यापासून दोन तासांवर, समुद्राकाठच्या कोर्सवर स्पर्धा होती आणि रामीरो प्रत्यक्ष तिथे. त्याची त्या मोसमातली ही शेवटची. आज कटमध्ये राहिला नाही तर पुढच्या वर्षी त्याला मोठ्या स्पर्धांत खेळताच येणार नव्हतं. देवतळ्यांनी तिघांची तिकिटं काढून ठेवली होती. "आपली माणसं पाहिजेत नं त्याच्या मागे," म्हणाले. मी नाही म्हणणार होते, पण संजय तोवर बूट घालून मोकळा.

गाडीत बसता बसता देवतळ्यांनी माझ्या पर्समध्ये एक स्टीलची डबी सरकवली. "दही-साखर आहे. सांभाळा, सांडते."

गेटवर पर्स तपासणाऱ्यानं डबी उघडून हुंगली. मी औषध आहे म्हणून सांगितलं. पुण्याच्या बाईला ही वेळ यावी.

सराव संपवून खेळाडू जिथून जातात तिथे दोरी बांधली होती. मोठ्या नावांसाठी माणसांची भिंत. रामीरो आला तेव्हा दोरीशी आम्ही तिघंच. मी त्याला प्रथमच नीट पाहिलं. ठेंगणा, उन्हानं रापलेला, टोपीखाली पांढरे केस. देवतळे वाकून दोरीच्या आत गेले आणि त्याच्यासमोर डबी धरली. त्याला वाटलं सही हवी आहे. त्यानं खिशातून पेन काढलं.

"नो पेन. हँड," देवतळे म्हणाले.

रामीरोनं बिचकत डावा हात पुढे केला. त्यात ग्लोव्ह. देवतळ्यांनी मान हलवली, तो हात बाजूला सारला, उजवा हात ओढून घेतला आणि चांगलं चमचाभर दही-साखर तळव्यावर थापलं. आपल्याकडे परीक्षेला जाणाऱ्या पोरासमोर आई उभी असते तसे ते उभे. "ईट. गुड लक. फॉर एग्झाम." तो माणूस काही क्षण दह्याकडे बघत राहिला. मग त्यानं ते चाटून खाल्लं. त्याचं सामान उचलणारा माणूस टॉवेल घेऊन धावला, तर देवतळे त्याच्यावर डाफरले, "नो वॉश!"

साखरेच्या चिकट हातानं रामीरोनं पहिला बॉल मारला तो सरळ झाडीत. त्याच्या मागे वाळू, मग गवत, मग पुन्हा वाळू. आम्ही डोंगर चढत-उतरत, वारा खात त्याच्या मागे फिरलो. त्या अख्ख्या कोर्सवर त्याचे प्रेक्षक तेवढे तीन, त्यांतली एक चिडलेली. देवतळे सतत हिशेब मांडत होते. वारा वाढला तर बाकीचेही चुकतील. कटची रेषा एका फटक्यानं सैल होईल. आपला शेवटच्या भोकांवर उचल खातो, पाहा तुम्ही.

आपल्यानं काही उचल खाल्ली नाही. तो एका फटक्यानं राहिला असता तर मीही हळहळले असते. तो चांगला सहा फटक्यांनी बाहेर पडला. कपाळ माझं. यासाठी मी शुक्रवारची शेवयांची खीर टाकून आले होते.

पार्किंगमध्ये देवतळे गाडीला टेकून उभे होते, चेहरा असा की घरात गमी झाली असावी. तेवढ्यात समोरून रामीरो स्वतःच बॅग ओढत आला. त्यानं आम्हांला ओळखलं. "योगर्ट," असं म्हणून तो हसला आणि जवळ आला.

देवतळे कसंबसं इंग्रजीत म्हणाले, "सॉरी. पुढच्या वर्षी. तुम्ही पुन्हा परीक्षा द्या. टिकून राहा. सोडू नका."

"नाही, नाही," रामीरो म्हणाला. त्याचं इंग्रजी देवतळ्यांपेक्षाही मोडकं. "संपलं. सोमवारी घरी." आणि हे सांगताना तो माणूस चक्क खूश होता. सहा फटक्यांनी हरलेला, काम गेलेला, आणि लग्नघरी निघाल्यासारखा.

"घरी मुलगी आहे," तो म्हणाला. त्यानं कमरेपाशी हात आडवा धरला. "गेल्या वेळी एवढी. बायको म्हणते, आता एवढी." हात छातीपर्यंत वर नेला. मग देवतळ्यांना विचारलं, "तुम्हांला?"

"मुलगी. डॉटर."

"केवढी?"

देवतळ्यांनी हात पुढे केला. आधी मांडीपाशी धरला. मग जरा वर घेतला. मग आणखी वर, मग थोडा खाली. रामीरो हसऱ्या तोंडानं वाट बघत होता. हात तसाच हवेत राहिला. शेवटी देवतळ्यांनी तो खिशात घातला आणि म्हणाले, "सिक्स्थ स्टँडर्ड."

रामीरोनं त्यांचा खांदा थोपटला आणि बॅग ओढत गेला.

परतीच्या वाटेवर गाडी देवतळेच चालवत होते. मला त्या माणसाची इतकी चीड कधी आली नव्हती, आणि इतकी दयाही. उरुग्वेच्या माणसाचा प्रत्येक फटका तोंडपाठ, आणि पोरगी केवढी झाली ते ठाऊक नाही. किनाऱ्याच्या रस्त्याला स्ट्रॉबेरी विकणाऱ्याचा एक मांडव लागला. तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं स्ट्रॉबेरी घ्यायच्या असतील. ते माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले.

"वहिनी, तुमच्या मराठी शाळेत सहावीतल्या पोरी आहेत नं?"

"आहेत."

"केवढ्या असतात हो? फोटोत ती बसूनच असते. नाहीतर आईच्या मागे उभी. समजतच नाही."

मी खाली उतरले. तोंडावर काहीतरी लागट आलं होतं, ते गिळलं. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि त्यांच्या त्या निळ्या शर्टावर, खांद्याच्या जरा खाली, हात आडवा टेकवला. "इथपर्यंत. तुमच्यावर गेली असली तर थोडी जास्तच."

मी हात काढल्यावर त्यांनी त्याच ठिकाणी आपला हात धरला, पालथा, अलगद. मान खाली घालून बघत राहिले. संजय आतून काही बोलणार होता, मी त्याला खुणेनं गप्प केलं.

"बाप्पा," देवतळे म्हणाले. "कडेवर नाही घेता यायची आता."