शत्रूस मदत करणाऱ्याबाबत

माणूस मुळात तत्त्वनिष्ठ असतो. फक्त आज गल्ली कुणाच्या ताब्यात आहे, एवढं त्याला आधी कळावं लागतं.

मी कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज टाइप करून देतो. यादवी सुरू झाल्यापासून दोन वर्षांत आमची गल्ली नऊ वेळा या हातातून त्या हातात गेली. झेंडे बदलले, साहेब बदलले, टेबल तेच राहिलं. (याला मी तटस्थता म्हणतो. बायको दुसरा शब्द वापरते.)

अनुभवाने सांगतो, एका पक्षाचा ताबा पक्का असला की माझा धंदा बसतो. दोघे तुल्यबळ असले की लोकांची दातखीळ बसते. पण एकाचा ताबा ‘जवळजवळ’ झाला, की नागरिकांची देशभक्ती उफाळून येते आणि टेबलापुढे रांग लागते. अशाच एका पंधरवड्यात मी शेजाऱ्यांविरुद्ध एकसष्ट अर्ज टाइप केले. त्यांत हेरगिरीचे दोन. सांडपाण्याचे एकोणीस, मोडलेल्या सोयरिकीचे अकरा, बाकी किरकोळ. विषय मात्र सगळ्यांचा एकच: ‘शत्रूस मदत करणाऱ्याबाबत’. शेवटी मी मजकूर छापूनच घेतला. शत्रूचं आणि माणसाचं नाव तेवढं कोरं. कल्पक माणूस मी!

गुरुवारी शिंपी आला. त्याने नाव सांगितलं ते माझ्या साडूचं. साडू न्हावी. त्याच्या दुकानातले केस उडून शिंप्याच्या पांढऱ्या शर्टांवर बसत.

"अहो, साडू आहे तो माझा."

"माहितीय. म्हणून तर तुमच्याकडे आलो. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर तुम्हालाच वाईट वाटलं असतं."

"केसांपायी माणसाचा जीव घेणार?"

"मी कुठे घेतोय? मी नुसती सही करतोय. आणि तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. छापील कागद आहेच, तुमचं नाव घालू."

मी टाइप केलं. समासही नीट सोडला. शुक्रवारी साडूला नेलं. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक फेस वाळेपर्यंत खुर्चीत बसून होतं. साडू परत आला नाही. मेहुणी विचारते, "भावोजी, कुणी केला असेल हो अर्ज?" मी ‘चौकशी करतो’ म्हणालो आणि तिचा सुटकेचा अर्जही मीच टाइप करून दिला. मला लाज वाटली. खरीच वाटली; पण टेबल उचलण्याइतकी नाही.

तुम्ही मनात म्हणत असाल, ‘याच्या जागी मी असतो, तर बोटं तोडली असती तरी टाइप केलं नसतं.’ पहिल्या वर्षी शिंपीही हेच म्हणायचा. बसा ना, उभे का? हं, सांगा, कुणाचं नाव घालू?