डायनोसॉरचे गाल

डायनोसॉरला गाल द्यायचे, असं इंद्रायणीबाईंनी एका रविवारी सकाळी ठरवलं आणि शरच्चंद्ररावांच्या घरातली शांतता संपली. डायनोसॉरला गाल असावेत की नसावेत, हा प्रश्न सोलापुरातल्या बाकीच्या घरांना पडत नाही. पण इंद्रायणीबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि पुण्याच्या एका प्रकाशकाने मुलांसाठी डायनोसॉरचं पुस्तक काढायचं ठरवून चित्रांचं काम त्यांच्याकडे दिलं होतं.

"अहो, जमिनीत सापडतात ती बहुतेक नुसती हाडं," त्या नवऱ्याला समजावत होत्या. "गाल, ओठ, नाकपुड्या, गळ्याची कातडी, सगळं कुजून गेलेलं. ते आपण डोकं चालवून भरायचं. आजची जनावरं बघायची, माणसं बघायची आणि अंदाज बांधायचा."

"मग बांध की. चहा मिळेल का अर्धा कप?" पेपरमागून शरच्चंद्ररावांचा आवाज आला. (पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. कुतूहल असलंच तर पगारवाढीबद्दल.)

"हा झाडपाला चावून खाणारा आहे. गाल नसतील तर चावलेलं सगळं बाहेर सांडेल. मला कुणीतरी नीट चावून खाताना बघायला हवं हो."

या वाक्यावर शरच्चंद्ररावांनी पेपर खाली ठेवायला हवा होता. ते शब्दकोड्यात अडकले होते, आडवे सात. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मल्लिनाथ जिना उतरून दारात उभा राहिला. अक्कलकोटकडचा गडी, चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर, लहानपणापासून तालमीत घुमलेला.

"वैनी, मोटार चालू करू का? टाकीत पाणी न्हाय."

इंद्रायणीबाईंनी त्याच्या जबड्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

"मल्लिनाथ, कडक भाकरी खाणार?"

"व्हय की! कुटं हाय?"

मल्लिनाथ कडक भाकरी खायला बसला की शेजारच्यांना वाटावं, कुणीतरी कौलं फोडतंय. शेंगाची चटणी, वर दही, आणि कडाकड कडाकड. इंद्रायणीबाई समोर स्केचबुक घेऊन बसल्या. "थांबा, तो घास डावीकडे घ्या. हं! आता गिळा. हळू. वा!" शरच्चंद्ररावांनी पेपराच्या कडेवरून हे पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्यांच्या कुठल्याही घासाला बायको आजवर 'वा' म्हणाली नव्हती. त्यांच्या पोटात जे काही झालं त्याला पित्त म्हणून त्यांनी दोन दिवस गोळ्या खाल्ल्या. तो मत्सर होता.

दुसऱ्या रविवारी मल्लिनाथ न बोलावता आला. तिसऱ्या रविवारी मोटारीचं निमित्तसुद्धा काढलं नाही. त्याच संध्याकाळी इंद्रायणीबाई भाजी आणायला गेल्या असताना शरच्चंद्ररावांनी स्केचबुक उघडलं. (दुसऱ्याच्या फायली उघडून बघणं हा त्यांच्या नोकरीचा भाग होता.) चित्रांच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मल्लिनाथ. जबडा सुंदर. कानशिलाजवळचा स्नायू चावताना नाचतो. गळा फार छान, पुन्हा पाहावा. ओठ: उद्या.'

'उद्या' हा शब्द त्यांनी चष्मा लावून वाचला आणि मग चष्मा काढून वाचला. भाजीची पिशवी खाली टेकते न टेकते तोच त्यांनी विचारलं,

"ओठ, उद्या. म्हणजे काय?"

"उद्या म्हणजे उद्या. आज उजेड गेला."

"आणि गळा पुन्हा पाहावा?"

"एकदा बघून कळत नाही हो. गिळताना कातडी कशी हलते ते बारकाईनं बघावं लागतं."

"बावीस वर्षं मी या घरात गिळतोय!"

"तुम्ही पेपरमागे गिळता. मला दिसतं कुठे?"

दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्यांनी आरशात स्वतःचे गाल तपासले. होते. गरजेपेक्षा जरा जास्तच होते. या गालांना डावलून बायको वरच्या मजल्यावरचे गाल पुस्तकात घालणार, पुण्यामुंबईची पोरं त्यावरून बोट फिरवणार, या विचाराने त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. काही झालं तरी त्या पुस्तकात आपला एक तरी अवयव गेला पाहिजे, असं त्यांनी तोंडावरचा साबण पुसत ठरवलं.

संधी पुढच्या रविवारी आली. चित्र जवळपास पुरं झालं होतं आणि टेबलावर वाळत होतं. सोमवारी ते पुण्याला जायचं होतं. शरच्चंद्ररावांनाही मान्य करावं लागलं की जनावर देखणं आहे. भरदार गाल, ओलसर डोळा, गळ्याला मऊ वळी. मल्लिनाथ स्वतःकडे बघत असल्यासारखा त्याच्याकडे बघत होता.

"नाकच तेवढं राहिलंय," इंद्रायणीबाई म्हणाल्या. "याच्या कवटीत मेंदूची जागा बघून म्हणतात, वासाला हा फार तल्लख असणार. नाकपुड्या कशा फुलवाव्यात कळत नाही."

"माजं नाक लई तेज हाय, वैनी. डोळं बांधून वाटीत काय हाय ते सांगतो."

"माझंही आहे!" शरच्चंद्रराव ओरडले. (त्यांना गॅस चालू राहिल्याचासुद्धा वास येत नसे.)

मल्लिनाथचे डोळे बांधले. त्याने दोन वाट्या हुंगल्या. "ही मेथी. हे ताक, कालचं हाय." मग आणखी एकदा हवेत नाक फिरवून म्हणाला, "आन् सायबांनी आज बनियन बदलली न्हाय वाटतं." इंद्रायणीबाई त्याच्या फुललेल्या नाकपुड्या झरझर काढत खुदकन हसल्या. ते हसू शरच्चंद्ररावांच्या वर्मी लागलं.

त्यांचेही डोळे बांधले गेले. पुढ्यात वाटी आली. जे मल्लिनाथने वीतभर अंतरावरून हुंगलं असतं, ते त्यांनी नाक थेट वाटीत घालून हुंगलं, आणि तेही बावीस वर्षांचा हिशेब चुकता करायच्या जोराने. वाटीत शेंगाची चटणी होती. घरी कुटलेली, लाल, झणझणीत.

पहिली शिंक टेबलाच्या दिशेने गेली. दुसरी आणि तिसरीही.

"अहो, चित्र!" इंद्रायणीबाई किंचाळल्या.

'चित्र' एवढंच ऐकू आल्यावर शरच्चंद्ररावांनी प्रायश्चित्ताची घाई केली. डोळ्यांवर पट्टी तशीच, नाकातून पाणी वाहतंय, अशा अवस्थेत त्यांनी हाताला लागलेला ओला टॉवेल उचलला आणि कागद जीव लावून पुसला. पट्टी काढली तेव्हा डायनोसॉरचे गाल गेले होते, ओठ गेले होते, डोळा गेला होता. खाली पेन्सिलीने आखलेली नुसती हाडं उरली होती.

मल्लिनाथ म्हणाला, "मोटार बघून येतो," आणि दोन दोन पायऱ्या चढून वर गेला.

इंद्रायणीबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या जमिनीवरच बसल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या. महिनाभराचं काम होतं ते. शरच्चंद्ररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इंद्रायणी, चुकलो," ते म्हणाले. "पण तू त्याच्याकडे बघतेस तशी माझ्याकडे कधी बघत नाहीस गं."

मग डोळे पुसून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नीट, आपादमस्तक पाहिलं.

"खुर्चीत बसा," त्या म्हणाल्या. "ताठ नको, रोज बसता तसे. मान सोडा. पोट आत ओढू नका. हं, अगदी असंच."

पुढचे दोन तास शरच्चंद्ररावांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. बायको त्यांच्याकडे बघत होती, बोटाने मापं घेत होती. एकदा तर 'वा' सुद्धा म्हणाली. चित्र मात्र त्यांना दाखवलं नाही. "छापल्यावरच बघा," एवढंच म्हणून इंद्रायणीबाईंनी प्रकाशकाकडून महिनाभराची मुदत मागून घेतली आणि जुनं चित्र पुन्हा काढायला घेतलं.

मधल्या काळात शरच्चंद्ररावांनी सगळ्या ऑफिसात सांगून ठेवलं की पुस्तकात आपण आहोत. दिवसा घरी कुणी नसतं म्हणून कुरिअरचा पत्ताही ऑफिसचाच दिला. चार महिन्यांनी पार्सल आलं, ते हेडक्लार्क धनलक्ष्मी मॅडमनी सगळ्यांसमोर उघडलं. मल्लिनाथच्या गालांचं पान पाहून सगळे म्हणाले, काय रुबाब आहे! "पुढे चला, पुढे," शरच्चंद्रराव म्हणाले.

शेवटच्या पानावर ते होते. ओळखायला कुणालाच अडचण आली नाही. खडकाला टेकून पसरलेलं जनावर, पोट मांडीवर, शेपूट जमिनीवर लोळलेली, डोळे अर्धे मिटलेले, गाल खाली ओघळलेले.

"अय्यो, हुबेहूब!" धनलक्ष्मी मॅडम म्हणाल्या. शरच्चंद्ररावांनी कॉलर सरळ केली. "खाली काय लिहिलंय ते वाचा," ते म्हणाले.

मॅडमनी मोठ्याने वाचलं: "चुकीचं चित्र. पूर्वी चित्रकार डायनोसॉर असे काढत. पण इतका सुस्त प्राणी जगात तग धरूच शकला नसता, असं आता शास्त्रज्ञ म्हणतात."

धनलक्ष्मी मॅडमनी पुस्तक मिटलं, शरच्चंद्ररावांकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या,

"त्या शास्त्रज्ञांना एकदा आपलं ऑफिस दाखवायला पाहिजे हो."