पेडणेकर मॅडमची दुरुस्ती

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणसं आहेराचा विचार करतात. आमच्या ऑफिसातल्या पेडणेकर मॅडम पत्रिका उलटी करायच्या, मागे छापलेला हॉलचा नकाशा बघायच्या, लाल पेनाने तो दुरुस्त करायच्या आणि पत्रिका ज्याची त्याला परत द्यायच्या. लग्नाला यायच्या नाहीत. माझ्या पत्रिकेवर त्यांनी लिहिलं होतं, 'या नकाशाने निघाले तर घाटकोपरऐवजी माहुलला, तेलाच्या टाक्यांत पोहोचेन.' नकाशात उत्तर दिशेचा बाण नव्हता, म्हणून खाली दोन रेघा मारून आणखी एक शेरा होता: 'उत्तर दिलेले नाही. मान्य नाही.' ती पत्रिका नेमकी माझ्या सासऱ्यांच्या हाती लागली. कुठल्या बाईला मी उत्तर दिलेलं नाही आणि तिला काय मान्य नाही, हे त्यांना समजावण्यात माझा हळदीचा अख्खा दिवस गेला.

आमची कंपनी अंधेरी पूर्वेला. आकाशातून काढलेले फोटो आमच्याकडे येतात आणि आम्ही संगणकावर प्रत्येक घराभोवती, रस्त्याभोवती, नाल्याभोवती रेघा मारतो. त्यातून नकाशा होतो. मॅडम त्या रेघा तपासायच्या. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, गळ्यात दोन चष्मे आणि पर्समध्ये पाच मीटरचा टेप. त्यांच्या तोंडी एक शिवी होती, 'ढोबळ'. चहा ढोबळ, सरकार ढोबळ, आम्ही सगळे तर ढोबळच. एका नव्या मुलीने सांगितलं की ती बोरिवलीला स्टेशनजवळ राहते. मॅडमनी विचारलं, "जवळ म्हणजे किती मीटर? आणि स्टेशनच्या कुठल्या टोकापासून?" त्या मुलीने पुढे कुणालाच पत्ता सांगितला नाही.

मी विद्यापीठातून जिओमॅटिक्समध्ये, म्हणजे जमीन मोजून नकाशे करण्याच्या शास्त्रात, एमएस्सी केलेला माणूस. हा विषय काय, हे घरात आजही कुणाला ठाऊक नाही. मुलुंडची मावशी त्याला जॉमेट्री समजते आणि एवढा मोठा होऊन मी कंपासपेटी घेऊन फिरतो याचं तिला वाईट वाटतं. खरं सांगायचं तर कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला नाही म्हणून मी तिकडे गेलो. माहितीपत्रकावर पिवळी टोपी घातलेला एक हसरा मुलगा डोंगरावर दुर्बिणीपाशी उभा होता. खाली लिहिलं होतं: अंतराळ, ड्रोन, मेट्रो, उज्ज्वल करिअर. दोन वर्षांत मी डोंगर एकदाच पाहिला, सर्व्हे कॅम्पला, आणि टोप्या कमी पडल्या तेव्हा पहिली माझी काढून घेतली.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "काय काय शिकलास?"

मी यादी म्हणून दाखवली. रिमोट सेन्सिंग, जीआयएस, फोटोग्रामेट्री.

"बरं. खिडकीतून ती पाण्याची टाकी दिसते ना? किती लांब असेल?"

"मशीन लागेल, मॅडम."

"डोळे लागतील," त्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून मला 'विद्यापीठ' म्हणू लागल्या. "काय विद्यापीठ, हा रस्ता काढलायस की शेवया?" हे सगळ्यांसमोर. स्वतः त्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारत वर आलेल्या. पदवीवाला दिसला की त्यांना चेव यायचा. मला त्यांचा मनापासून राग होता. त्यांनी एकदा तरी चूक करावी आणि ती मला सापडावी, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा उरली होती.

मध्यंतरी मुलुंडच्या एका कॉलेजने 'जिओमॅटिक्समधील करिअर' या विषयावर बोलायला आमच्या साहेबांना बोलावलं. साहेबांना वेळ नव्हता, त्यांनी मॅडमना पाठवलं आणि लॅपटॉप धरायला मला. प्राध्यापकांनी शाल दिली. मॅडमनी ती खुर्चीवर ठेवली आणि मुलांना विचारलं, "ड्रोनसाठी कोण कोण आलंय?"

पाऊण वर्गाचे हात वर झाले.

"पतंग उडवा. स्वस्त पडेल," मॅडम म्हणाल्या. प्राध्यापक हसले, मग हसायचे थांबले. "पहिली दोन वर्षं तुम्ही पत्र्यांच्या छपराभोवती रेघा माराल. मग कंटाळून कोडिंगचा क्लास लावाल. जे हुशार असतील ते परदेशात जातील आणि तिथल्या छपरांभोवती रेघा मारतील. काही सरकारी परीक्षा देत बसतील. काही मेट्रोच्या बोगद्यात दुर्बीण लावतील, त्यांची आई रोज देवाला दिवा लावील. हा तुमचा स्कोप."

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, तुम्ही का राहिलात यात?"

मॅडमनी चष्मा बदलला. "तुझी रेघ हातभर सरकली तर कुणाची तरी मोरी शेजाऱ्याची होते. ती माणसं वीस वर्षं कोर्टात जातात. रेघ मारणाऱ्याचं नावही त्यांना माहीत नसतं. हे ज्याला खुपतं त्याने यावं. बाकीच्यांनी दुसरं काही बघा."

कॉलेजने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. परत येताना रिक्षात मी म्हटलं, "मॅडम, जरा गोड बोलला असतात तर बरं झालं असतं."

"गोड बोलायला तुझं विद्यापीठ आहे ना," त्या म्हणाल्या.

नंतर, गेल्या डिसेंबरात, मॅडम तीन दिवस आल्या नाहीत. हे कधी घडलं नव्हतं. ताप असला तरी त्या यायच्या आणि आम्हाला तो देऊन जायच्या. एक काम त्यांच्या सहीवाचून अडलं होतं, म्हणून साहेबांनी फाइल घेऊन मला नाहूरला पाठवलं. दुसऱ्या मजल्यावर जुनी खोली. दार उघडंच होतं.

आत कॉटवर एक अतिवृद्ध गृहस्थ पडले होते. मॅडमचे वडील. न्हाणीत पाय घसरून कंबर दुखावली होती. मॅडम घरी का होत्या ते कळलं. त्यांना आई नाही, भावंड नाही, लग्न केलेलं नाही, हेही त्या खोलीकडे बघून कळत होतं. इतकी वर्षं शेजारी बसून मी कधी विचारलं नव्हतं.

कॉटसमोरच्या भिंतीवर एक मोठा नकाशा लावला होता. मालवणकडच्या एका वाडीचा. एकेक घर, विहीर, देऊळ, पायवाट, सगळं मॅडमच्या बारीक अक्षरात. मी सवयीने बघू लागलो आणि थबकलो. उंची दाखवणाऱ्या रेषा पूर्वेला चढत होत्या, तिकडे डोंगर होता. आणि घरामागचा व्हाळ, म्हणजे ओढा, त्याच अंगाला काढून वर नेला होता, प्रवाहाचा बाणही तिकडेच. पाणी डोंगर चढत होतं. पहिल्या सेमिस्टरचं पोरही अशी चूक करणार नाही. मला इतका आनंद झाला की फाइल विसरलो.

मॅडम चहा टाकायला आत गेल्या तशी मी मागोमाग गेलो. "मॅडम, तो व्हाळ..."

"माहीत आहे."

"नाही, म्हणजे उंचीच्या रेषा बघता तो पश्चिमेला..."

"माहीत आहे म्हटलं ना. मी स्वतः जाऊन मोजलाय." त्यांनी गॅस बारीक केला. "बाबा बारा वर्षांचे असताना गिरणीत आले. मागे त्यांची आवस, म्हणजे आई, गेली, घर गेलं, गाव सुटलं. मला म्हणाले, एकदा दाखव. मी रजा काढून गेले, जोत्यापासून मोजून खरा नकाशा केला आणि तिथे लावला. बाबा म्हणाले, ह्यो आमचो गाव न्हय. दोन दिवस भिंतीकडे पाठ करून झोपले. जेवलेसुद्धा नाहीत."

"मग?"

"मग ते सांगतील तसा काढला. आता तिकडे तोंड करून झोपतात."

चहा घेऊन बाहेर आलो तर म्हाताऱ्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. "तू पण ह्याच कामात मां रे? शिकललो आसस?"

"हो आजोबा."

"मग सांग बघू. व्हाळ बरोबर आसा मां?"

मॅडम कपबशी धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"अगदी बरोबर आहे," मी म्हटलं. "आम्ही ऑफिसात तपासलंय."

म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि लेकीला म्हणाले की काठावरचा फणस तेवढा राहिलाय. मॅडम पेन्सिल घेऊन स्टुलावर चढल्या. "खंय, बाबा? हयसर?"

"वायच वर."

"हयसर?"

"हां. थंयच."

"केवढो काढू?"

"माका नि आवशीक सावली पुराक व्हयी, येवढो."

मॅडम बराच वेळ पानं काढत राहिल्या. मी फाइल उघडून सहीची जागा शोधत बसलो, त्यांच्याकडे बघावं लागू नये म्हणून.