वीतभर उंचीवर मोठ्या बाई

पी.टी.च्या सरांचा जीव टांगणीला लागला होता. दुसरीच्या वर्गाला तोल सांभाळायला शिकवण्याचा तास बंद करून तो गणिताला द्यायचा, असं मुख्याध्यापिका बाईंनी जवळजवळ ठरवलंच होतं. आज त्या शेवटचं म्हणून बघायला आल्या होत्या.

मैदानात लांबलचक बाकडं उलटं घातलं होतं. त्याच्या मधल्या अरुंद पट्टीवरून पोरं हात पसरून चालत होती. सगळं झकास चाललेलं असताना दोन वेण्यांची चिमुरडी मध्यावर आली, डुगडुगली आणि नेहमीप्रमाणे धप्पकन खाली बसली. सरांनी कपाळाला हात लावला.

“महिनाभर हेच शिकवताय?” बाई म्हणाल्या. “वीतभर तर उंची. यात शिकवायचंय काय?”

आणि चपला काढून त्या स्वतःच चढल्या.

सुरुवात झोकात झाली. मध्यावर त्यांनी खाली पाहिलं आणि घोटाळा झाला. पाय पुढे जाईना, मागेही येईना. विहिरीच्या काठावर उभं असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. सर धावले.

“हात लावू नका, पडेन मी.”

“मग उतरा ना, बाई.”

“उतरता आलं असतं तर इथे उभी राहिले असते का?”

मोठ्या बाईंना हसायची कुणाची छाती होणार? चिमुरडी तेवढी गुडघे झटकत जवळ आली.

“बाई, मीपण इथेच अडकते. खाली नाही बघायचं, त्या नळाकडे बघा. आणि श्वास सोडा, कोंडून धरलाय तुम्ही.”

बाईंनी निमूटपणे श्वास सोडला.

“आता हळूहळू पाय टाका. पडलात तरी सर ओरडत नाहीत.”

एकेक पाऊल टाकत मोठ्या बाई पलीकडे पोचल्या. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई घामाघूम झाल्या होत्या, पण हसत होत्या.

“कुठे शिकलीस गं हे?”

“सर रोज सांगतात. मला जमत नाही अजून, पण पाठ आहे.”

बाई सरांकडे वळल्या. “तास राहू दे. आणि शनिवारी आम्हा शिक्षकांचाही घ्या. गणिताच्या सरांना आधी चढवा.”

सरांना अगदी भरून आलं. बाई गेल्यावर ते पोरीसमोर उकिडवे बसले.

“आज तू पडलीस म्हणून आपला तास वाचला. फार उपकार झाले बघ तुझे.”

पोरीनं लगेच विचारलं,

“मग सर, उद्यापण पडू?”