देवरे सर आणि गाडी ओढणारा कुत्रा

देवरे सरांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा कुत्रा गाडी ओढायचा. आम्ही सावली गावचे लोक रोज जे बघायचो ते असं : पुढे खांद्यावर दोरी घेतलेले देवरे सर, मागे दोन हात लांबीची लाकडी गाडी, गाडीत वह्यांचा गठ्ठा आणि गठ्ठ्यावर ऐसपैस बसलेला पांढराशुभ्र पामेरियन. ही वरात रोज साडेदहाला शाळेच्या फाटकातून आत यायची.

"सर, कुत्रा काऊन गाडीत बसून राह्यला?" आमच्या शिपायानं, नामदेवभाऊनं, पहिल्याच दिवशी विचारलं.

"आधी त्याला गाडीची ओळख होऊ दे," सर म्हणाले. "जुळवून घेतो तोच टिकतो!"

ओळख व्हायला दोन महिने गेले. तेवढ्यात कुत्र्याला गाडीची इतकी सवय झाली की खाली उतरवलं तर तो गुरगुरायचा. यालाच जुळवून घेणं म्हणत असतील तर त्यानं फारच छान जुळवून घेतलं होतं.

देवरे सर नाशिकचे. तिकडे जागा मिळेना म्हणून इतक्या लांब आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले. मी गणिताचा, गावातलाच, आणि दुर्दैवानं त्यांचा शेजारीही. इंग्रजी शिकवायची म्हणून नेमणूक झालेला हा गृहस्थ वर्षभर एकच कादंबरी सांगायचा, तीही अभ्यासक्रमात नसलेली. कादंबरी एका कुत्र्याची. सुखवस्तू घरात लाडात वाढलेला कुत्रा चोरून विकतात आणि बर्फाच्या मुलुखात घसरगाडीला जुंपतात. तिथे तो मार खातो, उपाशी राहतो, बर्फात खड्डा करून ऊब धरायला शिकतो आणि शेवटी सगळ्यांना पुरून उरतो. आमच्या दहावीच्या पोरांना साधा भूतकाळ येत नव्हता, पण बर्फात खड्डा कसा करायचा ते तोंडपाठ होतं. सावलीत त्याचा फारच उपयोग. इथे बर्फ बघायचा तर गोळेवाल्याच्या गाडीवर.

हे सगळं ठीक होतं हो, पण सांगणारा कोण? सावलीत येऊन तीन वर्षं झाली तरी हा माणूस भाताला शिवत नव्हता. धानाच्या मुलुखात राहून स्टोव्हवर पोळ्या लाटायचा आणि पीठ नाशिकहून आणायचा. पाणी दोनदा उकळून तीनदा गाळायचा. पावसाळ्यात आम्ही चपला हातात घेऊन चिखल तुडवायचो तेव्हा हे मोज्यांसकट बूट घालून निघायचे आणि बूट तिथेच चिखलात ठेवून शाळेत पोचायचे. माझी बायको एकदा जवसाची चटणी घेऊन गेली तर म्हणाले, "वहिनी, पोटाला सवय नाही हो." आणि लगेच वर्गात जाऊन जुळवून घेण्यावर तासभर व्याख्यान. मी भिंतीपलीकडच्या वर्गात कपाळाला हात लावून बसायचो.

कुत्रा आला तो होळीच्या सुट्टीनंतर. सरांची बायको नाशिकलाच राहायची. तिथून तिचा हा लाडका कुत्रा सरांनी रेल्वेनं आणि मग एसटीनं आणला. बाईंनी नाव ठेवलं होतं लाडू. सर म्हणाले, संकटाशी झुंजणाऱ्याचं हे काय नाव? त्यांनी भीम ठेवलं. भीमा म्हणून हाक मारली की कुत्रा इकडेतिकडे बघायचा, कोणाला बोलावतात म्हणून.

हळूहळू ऊन तापलं. आमच्याकडे चैत्र संपला की कावळासुद्धा चोच उघडून बसतो. त्या केसाळ प्राण्याची जीभ जी बाहेर पडली ती आत जाईना. सरांनी पुस्तक उघडलं. पुस्तकातला कुत्रा थंडीसाठी खड्डा करतो, तर आपण उन्हासाठी करू. अंगणात कुदळीनं कंबरभर खड्डा खणला, त्यात ओली वाळू टाकली, वर भिजलेली पोती पसरली. कुत्र्यानं खड्ड्यात डोकावून बघितलं आणि माझ्या घरात येऊन माठाखाली झोपला. अख्खी आळी हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

मे महिन्यात एका दुपारी बायको म्हणाली, "जरा पाहा ना जी, सरच खड्ड्यात बसून राह्यले." मी चेष्टेचे दोन शब्द तयार ठेवूनच कुंपणाशी गेलो. सर खरोखर खड्ड्यात बसले होते, डोक्यावर ओलं पोतं आणि मांडीवर कुत्रा. कुत्रा डोळे फिरवत होता.

"सर, दवाखान्यात नेऊ ना याले!" मी ओरडलो.

गुरांच्या दवाखान्यात सलाईन लागलं. बाहेर बाकावर सर सगळं बोलून गेले. बायकोला इकडच्या जंगलाची, वाघाची, उन्हाची धास्ती. तीन वर्षं ती आज येते, उद्या येते करत होती. शेवटी म्हणाली, आधी माझा लाडू तिथे टिकवून दाखवा. तो टिकला तर मी येते.

"हा गेला तर ती कधीच यायची नाही," सर म्हणाले.

कुत्रा वाचला. मला मात्र फारसा पाझर फुटला नाही, खरं सांगतो. ज्या बाईला यायचं असतं ती कुत्र्यावर अट घालत नाही, हे मी घरी बायकोला सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "तुमी चूप राहा."

शाळा सुरू झाल्यावर गाडी आली. लहान पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी चाकांचे लाकडी बैल करणाऱ्या सुताराकडून सरांनी ती करून घेतली. पुढचं मी सांगितलंच आहे. पण सरांनी हद्द केली ती मोठ्या पोळ्याला. गावच्या सगळ्या बैलजोड्या तोरणाखाली ओळीनं उभ्या, डफडं वाजतंय, पोळ्याची यमकं जुळवलेली कवनं, म्हणजे झडत्या, म्हणणं चाललंय, आणि ओळीच्या टोकाला आमचे देवरे सर, पाठीवर उशीच्या खोळीची झूल आणि कानांना बेगड लावलेला कुत्रा घेऊन! जो ओझं ओढतो त्याचा पोळा, असं त्यांचं म्हणणं.

गावचे वडीलधारे लक्ष्मणभाऊ काठी टेकत आले. "गुरुजी, मी तं रोज तुमालेच दोरी ओढताना पाह्यलो. मंग पूजा तुमचीच करा लागते." आणि त्यांनी सरांच्या कपाळाला कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास तोंडात घातला. लोक पोट धरून हसत होते. सर हात जोडून सगळ्यांचे आभार मानत होते!

तेवढ्यात डफडं जोरात वाजलं, तोरण तुटलं आणि बैल सुटले. कुत्रा बिथरून थेट बैलांच्या पायांत शिरला. त्याच्यामागे बुटामोज्यांसकट देवरे सर. आम्ही ओरडत राहिलो. कुत्र्याला छातीशी धरून ते बाहेर आले तेव्हा एक बूट गेला होता आणि पायाचा अंगठा सुजून वांग्याएवढा झाला होता. "याला काही लागलं नाही ना, बघा," एवढंच ते म्हणत होते.

पुढच्या रविवारी सकाळी मी रफीकभाईच्या एसटीडी बूथवर नागपूरला फोन लावायला गेलो, तर आत देवरे सर. त्या काचेच्या खोलीचं दार लागायचं नाही, त्यामुळे आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं.

"उन्हाळा काढला लाडूनं," सर सांगत होते. "पावसाळाही काढला. पोळा झाला, आता काय राहिलं? ये ना तू... दसऱ्याला? ... बरं... नाही, नाही, तसं कुठं म्हणतोय मी... बरं. बरं. बघू."

फोन ठेवून ते लंगडत बाहेर आले. मला बघून हसले.

"आता हिवाळा बघायचा म्हणते. थंडी सोसते का त्याला, ते बघू. मग येते."

अंगभर लोकर घेऊन जन्मलेला तो कुत्रा. नाशिकची कडाक्याची थंडी चार वर्षं काढून आलेला. त्याला आमच्या सावलीचा हिवाळा काय करणार होता? माझ्या जिभेवर हे सगळं आलं होतं. माझी जीभ अशा वेळी थांबत नाही. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला फार वाईट वाटलं. इतके दिवस आपण कोणाला हसत होतो असं वाटलं.

"इकडं थंडी फारशी नसते ना हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"लई असते, सर," मी म्हणालो. "पूस महिन्यात तं पाह्यच नका."

रफीकभाईनं माझ्याकडे एकदा बघितलं. "हौ ना, सर," तो म्हणाला. "जनवरी में तो बहुत गिरती. हातपाय अकडून जाते."

"तरीच!" देवरे सर म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तरीच ती म्हणते." आणि कुत्र्यासाठी स्वेटर विणायला बाजारात लोकर कुठे मिळेल, ते रफीकभाईला विचारू लागले.