शकुनाचं दही

कमलेशच्या गालांवर मोड आलेल्या मटकीसारख्या पुटकुळ्या होत्या आणि महिनाअखेरीस शेलूला मुलगी बघायला जायचं होतं. कर्जतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गुण आला, पुटकुळ्यांखालचे गाल दिसू लागले; पण रक्तातली चरबी वाढली.

"या गोळ्यांनी काहींची वाढते," डॉक्टर म्हणाले. "तूप, साय, गोड बंद. पुढच्या सोमवारी उपाशीपोटी रक्त द्या. तरी उतरली नाही, तर गोळ्या थांबवू."

गोळ्या थांबल्या म्हणजे पुन्हा मटकी, आणि मटकी घेऊन शेलूला जायची कमलेशची तयारी नव्हती. कडावच्या घरी दोन दुभत्या म्हशी असताना गड्यानं आठवडाभर कोरडी भाकरी चावली. गोठ्याकडे बघणंसुद्धा टाळलं.

सोमवारी सकाळी निघाला, तर आई, शकूबाई, उंबऱ्यात वाटी घेऊन उभी. दह्यावर बोटभर साय, सायीवर साखर.

"आई, उपाशीपोटी जायचंय!"

"मंग जेव म्हनलं का मी? तपासनीला चाललास, ह्यो शकुन हाय. शकुनाला कुनी खानं म्हनतं का रं?"

"मग चमचाभरच दे."

"एवढं मोठं काम, आन चमचाभर शकुन?"

शकूबाईपुढे आजवर कुणाचं चाललं नव्हतं, तर कमलेशची काय कथा! त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली.

लॅबमधल्या सोनालीनं विचारलं, "काही खाल्लंय का?"

"नाय," तो म्हणाला. आपण खोटं बोलतोय असं त्याला मुळीच वाटलं नाही.

चरबी आणखी चढली. डॉक्टर चक्रावले. "परवा शेवटचं बघू." शकूबाईचं मत पडलं की शकुनच कमी पडला. तिनं मोठा वाडगा भरून विरजण लावलं.

या खेपेला मात्र कमलेश मागच्या दारानं पळाला. लॅबच्या खुर्चीत बाही वर करून बसतो न बसतो, तोच बाहेर टेंपो थांबला आणि शकूबाई वाडगा सांभाळत उतरली.

"शकुन टाकून आलास रं?"

सोनालीनं वाडग्यात डोकावून कपाळाला हात लावला. "काकू, सोमवारीपण हेच? अहो, हेच तर रक्तात उतरलंय!"

"आता ह्याचं काय करू? शकुन परत न्हेत नाय गं."

सोनाली सकाळपासून चहावर होती. "रक्त काढायचं काम माझं. मग शकुन मलाच द्या ना."

हे शकूबाईला पटलं. सोनालीनं आधी वाडगा रिकामा केला, मग हात धुऊन सुई घेतली. रिपोर्ट चांगला आला आणि गोळ्या चालू राहिल्या.

ठरल्या रविवारी कमलेश तुळतुळीत गालांनी आरशासमोर उभा होता. "आई, आवर. शेलूची गाडी चुकंल."

"शेलूला नाय म्हनून कळवलं मी. सोनालीला तुझ्यासाठी इचारून आले."

कंगवा केसांत तसाच राहिला. इतके दिवस खाल्लेली कोरडी भाकरी त्याच्या डोळ्यांपुढून गेली. पण सोनाली तशी वाईट नव्हती. "मग? माझ्या चेहऱ्याचं काय म्हनली?"

"चेहऱ्याचं नावबी नाय काढलं. येवढंच म्हनली, काकू, दही रोज मिळंल ना?"

कमलेश लाजला. लाजता लाजता त्याला भूक लागली. "मग मलाबी दे की थोडं."

"तुला कसं दिऊ रं? डॉक्टरांनी बंद केलंय. आन आता तिला पुरवायचं हाय."