भोंग्यावरचं पाप

रनाळ्याची माणसं यायची होती. शांतीबाईंनी भज्यांचं पीठ भिजवून ठेवलं होतं, दोधू आप्पा इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्यांदा दारात जाऊन आले होते, आणि ज्याला बघायला पाहुणे निघाले होते तो त्यांचा मुलगा भूपेश आतल्या खोलीत दार लावून पापाविषयी बोलत बसला होता.

बोलत होता तो पोटासाठीच. नंदुरबारच्या एका कॉलेजात तो इंग्रजी शिकवायचा. सुटीआधी 'धर्म, नीती आणि सुरुवातीची इंग्रजी कादंबरी' हा भाग संपवायचा राहिला होता, म्हणून व्याख्यान फोनवर रेकॉर्ड करून पोरांच्या ग्रुपवर टाकायचं ठरलं होतं. हा विषय म्हटला की पोरं जांभया द्यायची. पण जुन्या इंग्रजांची एक गंमत भूपेशला फार आवडायची. रचलेली गोष्ट म्हणजे खोटं, आणि खोटं म्हणजे पाप, असं तिकडची देवभोळी माणसं मानायची. मग लेखक काय करायचे? पहिल्याच पानावर छातीठोकपणे सांगायचे, की यातलं काही रचलेलं नाही, सगळं घडलेलं आहे. म्हणजे पाप टाळायला आणखी एक थाप! पुढे पाप चवीचवीनं सांगायचं आणि शेवटी लांबच लांब उपदेश जोडायचा, म्हणजे पुस्तक घरात ठेवायला कुणाची हरकत नाही.

अशाच एका कादंबरीतल्या लोकरीच्या व्यापाऱ्याची गोष्ट त्यानं आज मराठीत सांगितली होती. 'मी' असं म्हणूनच सांगितली, कारण मूळ पुस्तकातही तसंच होतं. पोरांना जवळचं वाटावं म्हणून तिकडच्या नदीची तापी केली आणि लोकरीची मिरची केली. व्यापारी नदीच्या दोन्ही काठांवर दोन संसार थाटतो आणि दोघींना फसवतो, अशी ती कथा.

रेकॉर्डिंग संपवताना त्याचं मन खट्टू झालं. फसवणुकीवर तासभर बोलायला आपल्याला तोंड आहे का? आप्पांनी रनाळ्यात ठोकून दिलं होतं, 'मन्हा पोऱ्या परमनंट शे.' भूपेश होता तासिका तत्त्वावर. दर जूनला कॉलेज बोलावील तेव्हा खरं. त्यानं दोनदा म्हणून पाहिलं होतं, "आप्पा, त्यांना खरं सांगून टाकू." आप्पांचं उत्तर ठरलेलं, "लगीन व्हऊ दे, मंग सांगसूत." आणि भूपेशचीही जीभ रेटत नव्हती. रनाळ्याचं स्थळ होतं चारुलताचं, आणि तिला त्यानं एका लग्नात पाहिलं होतं. पंगतीत वाढताना ती खो खो हसत होती, आणि तेव्हापासून याला दुसरं काही सुचत नव्हतं. ही पोरगी हातची जायला नको, एवढंच त्याला कळत होतं.

कोरीट गावात सकाळपासून लाइट नव्हती. रेकॉर्डिंग नीट आलंय का ते बघायला त्यानं ते मधूनच चालू केलं, फोन स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला आणि ऐकत ऐकत न्हाणीत शिरला. तेवढ्यात लाइट आली. बोअरची मोटार घरघरायला लागली, नळाला धो धो पाणी आलं, आणि फोन एकदम मुका झाला. बॅटरी संपली असेल, असं म्हणत भूपेशनं डोक्याला साबण लावला.

बॅटरी कसली संपते! आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात पुजाऱ्याचा पेनड्राइव्ह बिघडला, तेव्हा भूपेशनंच आपला फोन ब्लूटूथनं देवळाच्या भोंग्याच्या मशीनला जोडून आरत्या लावल्या होत्या. देऊळ घराच्या भिंतीला भिंत लावून. लाइट येताच मशीन जागं झालं आणि त्यानं कालचा ओळखीचा फोन बरोबर हुडकून काढला.

"मी पापी आहे!" अख्ख्या कोरीटवर भूपेशचा आवाज घुमला. "देवाची आण घेऊन सांगतो, यातलं एक अक्षर खोटं नाही. तापीच्या अलीकडे माझी एक बायको आहे, पलीकडे दुसरी. मिरचीच्या व्यापाराला जातो असं एकीला सांगायचो आणि दुसरीकडे जाऊन राहायचो..."

आता कोरीटमध्ये त्या भोंग्याला मान आहे. कुणाची म्हैस हरवली, कुणाच्या घरी मयत झाली, रेशन आलं, सगळं त्यावरूनच कळतं. आजवर त्याच्यावरून कुणी खोटं बोललेलं नव्हतं. माणसं हातातली कामं टाकून देवळासमोर गोळा झाली.

शांतीबाईंनी कढईतला झारा तसाच सोडला आणि न्हाणीचं दार बडवलं. "भूप्या! तुन्ह्या दोन बायका शेतस का रे?"

"काय?"

"भोंगावर तूच सांगी ऱ्हायना!"

भूपेश आतूनच ओरडला, "आई, फोन बंद कर! फळीवरचा!"

शांतीबाईंनी फोन आणला आणि कडेचं बटण दाबलं. आवाज वाढला. पुन्हा दाबलं, आणखी वाढला. भूपेशनं दाराच्या फटीतून अंगठा बाहेर काढला, आईनं फोन त्याला लावला, पण साबणाच्या अंगठ्याला फोन काही ओळख देईना. तिकडे भोंग्यावर दुसऱ्या बायकोला पहिलीचा सुगावा लागला होता.

दोधू आप्पा देवळाकडे धावले. जाळीच्या दाराला कुलूप, पुजारी किल्ली घेऊन नंदुरबारला. मग आप्पांनी वयाचा विचार न करता विजेच्या डीपीकडे धाव घेतली आणि सगळ्या गावाचा खटका पाडला.

"...आणि त्या रात्री मी दोघींनाही..." एवढं बोलून भोंगा गप्प झाला. मोटारही बंद पडली. डोक्यावर फेस, आणि नळाला टिपूस नाही.

भूपेश टॉवेल गुंडाळून, अंगात कसाबसा शर्ट घालून तसाच बाहेर पळाला आणि देवळासमोर येऊन थिजला. रनाळ्याची गाडी उभी होती. चारुलताचे वडील धर्मेंद्र नाना हाताची घडी घालून पायरीवर उभे होते. गाडीत तिची आत्या दगूबाई, आणि तिच्यामागे खुद्द चारुलता.

"नाना, ते माझं नाही," भूपेश म्हणाला.

"आवाज तुन्हाच शे ना?"

"आवाज माझा आहे. गोष्ट इंग्रजांची आहे."

"इंग्रज मिरची इकतस का रे?"

"ती मी घातली. कादंबरी आहे नाना, सगळं रचलेलं."

"तूच सांगं ना, एक अक्षर खोटं नही? देवनी आन लिसन?"

"तशी पद्धत होती तेव्हा. खोटं सांगायच्या आधी खरं आहे म्हणायचं."

"हाई पद्धत आम्हना आठे बी शे," नाना म्हणाले आणि सावकाश आप्पांकडे वळून पाहू लागले.

आप्पा नुकतेच डीपीकडून धापा टाकत आले होते. त्यांनी मारुतीकडे पाहिलं, मग चपलेकडे पाहिलं. भूपेशच्या डोळ्यांत साबण गेला होता, आग आग होत होती. देवासमोर, गावासमोर, तिच्यासमोर! आता गप्प राहिलो तर त्या व्यापाऱ्यात आणि माझ्यात फरक काय, असं त्याला वाटलं.

"नाना, दोन बायका खोट्या. एकही नाही," तो म्हणाला. "पण एक पाप खरं आहे. मी परमनंट नाही. तासिका तत्त्वावर आहे. आम्ही तुम्हाला फसवलं."

आप्पांनी कपाळावर हात मारला. नाना भूपेशकडे बघतच राहिले.

"इतलंच?"

"हो."

"अरे, मी दोन सवती मोजी ऱ्हायन्थू! आठे ऊभा ऱ्हाईसन मन्हा जीव अर्धा व्हई गया, अन तू सांगस परमनंट नही!" नाना मटकन पायरीवर बसले आणि हसत सुटले. हसता हसता एकदम थांबले. मारुती त्यांच्याही पाठीशीच होता. "आते आयकी ले मंग. चारूनं बी.एड. पूरं व्हयनं, असं आम्ही सांगेल व्हतं. एक पेपर बाकी शे तिना."

"इतलंच?" आप्पा ओरडले. त्यांच्या तोंडावर रंग परत आला होता.

गाडीचं दार उघडून चारुलता खाली उतरली. "बाबा, यासनं परमनंटनं माले पह्यलेच माहीत व्हतं. मन्ही मैत्रीण मयूरी यासना वर्गात शे."

"मंग सांगं काबरं नही?"

"सांगं असतं तर तुम्ही गाडी काढी असती का?" ती म्हणाली, आणि भूपेशचा चेहरा फेसाखालीही लाल झाला.

"तुमनं सगळं ऱ्हाऊ द्या," गाडीतून दगूबाईंनी आवाज दिला. "त्या दुसरी बायकोनं काय व्हयनं?"

हाच प्रश्न सगळ्या कोरीटला पडला होता. आप्पांना पुन्हा डीपीकडे पिटाळलं, लाइट आली, भूपेशनं डोकं धुतलं, कपडे घातले, अंगठा पुसला आणि पुढची गोष्ट लावली. दोघी बायका एक होतात, व्यापाऱ्याला धुऊन काढतात आणि घराबाहेर घालवतात. दगूबाईंनी टाळी वाजवली. मग भोंगा खाकरला आणि म्हणाला, "विद्यार्थी मित्रहो, यातून आपण कोणता बोध घ्यायचा?"

कुणाला तरी गुरांचं पाणी आठवलं. कुणाला शेत आठवलं. दगूबाईंना भज्यांचा वास आला, नाना आणि आप्पा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून त्यांच्यामागोमाग घरात गेले. बघता बघता देवळासमोरचं अंगण रिकामं झालं. मुलगा-मुलीला जरा बोलायला मिळावं म्हणून वडीलधाऱ्यांना किती विनवण्या कराव्या लागतात, आणि इथे पायरीवर दोघंच उरली होती.

वर भोंगा नीतीचा दुसरा मुद्दा सांगत होता.

"हाऊ उपदेश आखो कितला शे?" चारुलतानं हळूच विचारलं.

भूपेश ओशाळला. "बराच आहे. कंटाळा आला असेल तर बंद करतो."

"ऱ्हाऊ द्या चालू," ती म्हणाली, आणि पदर सावरून त्याच्या शेजारी पायरीवर बसली.